नाही म्हणण्याची ऐपत: श्रीमंत आणि गरीब देशांमधली दरी समजून घेताना

२ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशी मालावरच्या नव्या आयातशुल्काचा तक्ता जाहीर केला. त्यात सर्वांत वरचा, ५० टक्क्यांचा दर लेसोथोच्या वाट्याला आला. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, २३ लाखांच्या आसपास वस्तीचा हा डोंगराळ देश. इथल्या कारखान्यांत शिवलेल्या जीन्स अमेरिकी दुकानांत जातात. महिनाभर आधी संसदेपुढच्या भाषणात ट्रम्प म्हणाले होते की या देशाचं नाव कुणी ऐकलेलंही नाही.

मग एवढा राग कशाचा? राग नव्हताच, त्रैराशिक होतं. अमेरिकेची एखाद्या देशाशी असलेली व्यापारतूट (म्हणजे तिथून होणारी आयात वजा तिथे होणारी निर्यात) घ्यायची, तिला तिथून होणाऱ्या आयातीने भागायचं आणि येईल त्याचं निम्मं करायचं. लेसोथो अमेरिकेला वर्षाला साधारण २४ कोटी डॉलरचा माल विकतो आणि तिच्याकडून घेतो अगदी किरकोळ, कारण अमेरिकी यंत्रं आणि मोटारी घेण्याइतका पैसा तिथे नाही. या हिशोबात गरिबीच लबाडी ठरली.

त्याच तक्त्यात चीनचा दर ३४ टक्के होता. चीनने उलट शुल्क लावलं, अमेरिकेने आपलं वाढवलं, असं होत होत दोन्ही बाजू १०० टक्क्यांच्या पुढे गेल्या आणि मे महिन्यात जिनिव्हात बसून दोघांनी माघार घेतली. लेसोथोकडे उलट लावायला काही नव्हतंच. पुढे त्याचा दर १५ टक्क्यांवर आला, पण तोही अमेरिकेनेच ठरवला. तोवर ऑर्डरी आटल्या होत्या, आणि जुलैमध्ये लेसोथो सरकारने बेरोजगारीपायी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली.

श्रीमंत आणि गरीब देशांमधला फरक आपण सहसा उत्पन्नात मोजतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो नकाराचा फरक: समोरच्याने घातलेली अट नाकारण्याची ऐपत कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही. या लेखात जे सिद्धांत येतील, ते या एका प्रश्नाभोवतीच फिरतात.

## दरी आहे तरी केवढी?

लक्झेंबर्गमध्ये दरडोई वार्षिक उत्पन्न सव्वा लाख डॉलरच्या घरात आहे, बुरुंडीत काही शे डॉलर. अर्थात ही तुलना थोडी फसवी आहे, कारण बुरुंडीत एका डॉलरला लक्झेंबर्गपेक्षा कितीतरी जास्त वस्तू मिळतात. म्हणून अर्थतज्ज्ञ स्थानिक किमती लक्षात घेऊन आकडे दुरुस्त करतात; या दुरुस्तीला क्रयशक्ती समानता म्हणतात. तशी दुरुस्ती करूनही २०२२च्या जागतिक विषमता अहवालानुसार जगातल्या वरच्या १० टक्के लोकांच्या हाती एकूण उत्पन्नाचा ५२ टक्के वाटा जातो आणि खालच्या निम्म्या जगाच्या वाट्याला ८.५ टक्के येतात. मालमत्तेत तर खालच्या निम्म्यांकडे फक्त २ टक्के आहेत.

एक गोष्ट मात्र या दुरुस्त आकड्यांत लपते. खेड्यातल्या बाजारात स्वस्ताई असली तरी खनिज तेल, औषधं आणि यंत्रं बाहेरून आणताना स्वस्ताई कामाला येत नाही. परदेशी कर्जाचा हप्ताही क्रयशक्तीत भरता येत नाही. तिथे खराखुरा डॉलरच लागतो.

अर्थतज्ज्ञ ब्रँको मिलानोविच यांनी दाखवून दिलंय की माणसाचं उत्पन्न किती असेल हे निम्म्याहून अधिक तो कोणत्या देशाचा नागरिक आहे यावर ठरतं. शिक्षण, कष्ट, हुशारी, नशीब हे सगळं उरलेल्या भागात. दुसऱ्या शब्दांत, एकच बसचालक नॉर्वेतल्या ओस्लोत बस चालवतो की काँगोतल्या किन्शासात, याने त्याच्या पगारात जेवढा फरक पडतो तेवढा तो किती चांगली बस चालवतो याने पडत नाही.

## हे असंच होतं का पूर्वीपासून?

नाही. साधारण १८०० सालापर्यंत जगातले बहुतेक लोक गरीबच होते आणि प्रदेशाप्रदेशांत आजच्यासारखं अंतर नव्हतं. इतिहासकार केनेथ पॉमरान्झ यांच्या मते अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंड आणि चीनमधला यांगत्झी नदीचा त्रिभुज प्रदेश राहणीमानात बरोबरीचे होते. पुढे इंग्लंडला दोन गोष्टी मिळाल्या: हाताशी असलेला कोळसा आणि अमेरिका खंडातली जमीन, जिच्यावर गुलामांकरवी कापूस आणि ऊस पिकवून घेता आला.

वसाहतींमधून पैसा कसा वाहून गेला, हे सांगणाऱ्यांत दादाभाई नौरोजी फार आधीचे. १८६७ साली लंडनमध्ये निबंध वाचून त्यांनी हा विषय मांडला आणि पुढे अनेक वर्षं आकडेवारीनिशी लावून धरला. मुद्दा सोपा होता. देश माल निर्यात करतो तेव्हा त्या बदल्यात काहीतरी परत यायला हवं. भारताची निर्यात आयातीपेक्षा जास्त होती, पण वरची रक्कम लंडनमधला प्रशासकीय खर्च, निवृत्तिवेतनं, व्याज यांत जिरत होती. कागदोपत्री व्यापार फायद्याचा आणि घर रिकामं.

हैतीची गोष्ट याहून उघडीवाघडी आहे. गुलामांनी बंड करून १८०४ साली तिथे स्वतंत्र देश उभा केला. १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका पाठवल्या आणि जुन्या मळेमालकांच्या नुकसानभरपाईपोटी १५ कोटी फ्रँक मागितले. मालकांनी गमावलेल्या 'मालमत्ते'त खुद्द ती माणसंही धरलेली होती. रक्कम नंतर ९ कोटींवर आली, ती फेडायला फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढावं लागलं आणि या कर्जाचा शेवटचा पैसा फिटला १९४७ साली.

यावर एक रास्त शंका येते. स्वित्झर्लंडकडे वसाहती नव्हत्या, तरी तो श्रीमंत. स्पेनने दक्षिण अमेरिकेतून चांदीचे ढीग आणले, तरी तो मागे पडला. म्हणजे लूट हे एकमेव उत्तर नाही. २०२४चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन म्हणतात की फरक संस्थांमुळे पडतो: मालमत्ता सुरक्षित आहे का, न्यायालय सामान्य माणसाचं ऐकतं का, सत्ता मूठभरांच्या हाती आहे का. हे पटण्यासारखं आहे. पण त्यांच्याच मांडणीत पुढची पायरी अशी की जिथे युरोपीय लोकांना वस्ती करणं जमलं नाही, तिथे त्यांनी माल उपसून नेण्यापुरत्या संस्था उभ्या केल्या आणि स्वातंत्र्यानंतर नव्या राज्यकर्त्यांनी त्याच चालू ठेवल्या. हा सिद्धांत वसाहतवादाला पर्याय म्हणून सांगितला जातो, ते मला नीटसं कळत नाही.

## एक घटना, चार अर्थ

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात विचारांची अनेक घराणी आहेत. त्यांच्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा एकच घटना प्रत्येकाला दाखवू. २०२१ साल संपताना श्रीमंत देशांत कोव्हिड लशीचा तिसरा डोस सुरू होता आणि सर्वांत गरीब देशांत दर दहा माणसांतल्या एकालाही पहिला मिळालेला नव्हता. असं का झालं?

वास्तववादी म्हणतील, यात नवल काय? देशांच्या वर दुसरं कुठलं सरकार नाही, पोलीस नाहीत. संकट आलं की प्रत्येक देश आधी स्वतःला वाचवतो आणि ज्याच्याकडे ताकद आहे त्याचं चालतं. बळी तो कान पिळी. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सच्या दूतांनी मेलॉस बेटाच्या लोकांना जवळजवळ हेच सुनावलं होतं, ते थ्युसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराने नोंदवून ठेवलंय. वास्तववाद्यांच्या बाजूने एक अवघड पुरावाही आहे: २०२१च्या वसंतात भारतात दुसरी लाट आली तेव्हा भारतानेही लशींची निर्यात थांबवली आणि तिच्यावर विसंबलेले आफ्रिकी देश ताटकळले. गरीब देशांची बाजू मांडणारा देशसुद्धा प्रसंगी तसाच वागला.

उदारमतवादी दुसरीकडे बोट दाखवतील. गरीब देशांना लस पोचवण्यासाठी कोव्हॅक्स नावाची व्यवस्था उभी राहिली, उशिरा का होईना तिने जवळपास २०० कोटी डोस पोचवले. शंभर वर्षांपूर्वी असं काही घडलं असतं का? देश एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे संस्था, करार आणि व्यापार यांतून सगळ्यांचा थोडाथोडा फायदा होऊ शकतो, असं त्यांचं म्हणणं. संस्था दुबळ्या असतील तर त्या मजबूत करा.

अवलंबित्ववादी विचारतील की आफ्रिका खंड आपल्या जवळजवळ सगळ्या लशी बाहेरून का आणतो? कारखाने, पेटंट आणि संशोधन हे सगळं काही देशांत एकवटलंय ते योगायोगाने नाही. जगाची अर्थव्यवस्थाच तशी बेतलेली आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की साथीपुरते पेटंटचे नियम बाजूला ठेवा. शंभराहून अधिक देशांनी पाठिंबा दिला. निर्णय झाला जून २०२२मध्ये, तोही पार पातळ केलेला.

रचनावाद्यांचा प्रश्न वेगळाच आहे: देशांना काय योग्य वाटतं, हे कोण ठरवतं? ते २००१ सालाकडे बोट दाखवतील. एचआयव्हीवरच्या औषधांचा वर्षाचा खर्च माणशी १० हजार डॉलरच्या वर होता. दक्षिण आफ्रिकेने स्वस्त औषधं आणायला कायदा केला म्हणून ३९ औषध कंपन्यांनी तिथल्या सरकारवर खटला भरला होता. फेब्रुवारीत सिप्ला या भारतीय कंपनीने वर्षाला ३५० डॉलरमध्ये औषधं द्यायची तयारी दाखवली. जगभर ओरड झाली, एप्रिलमध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला आणि नोव्हेंबरमध्ये दोहाच्या परिषदेत सगळ्या सरकारांनी मान्य केलं की पेटंटचे नियम सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नयेत. या काळात कुणाचं सैन्य वाढलं नाही की तिजोरी भरली नाही. बदललं ते एवढंच, की आधी रीतसर वाटणारी गोष्ट लाजिरवाणी वाटू लागली.

चारांपैकी कोण खरं? प्रसंग कोणता यावर ते अवलंबून आहे. पण दरी टिकून का राहते, या प्रश्नावर सर्वांत जास्त डोकं तिसऱ्या घराण्याने लढवलंय, म्हणून त्याच्याकडे जरा निवांत पाहू.

## कॉफीची पोती आणि ट्रॅक्टर

राउल प्रेबिश हे अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ. १९३०च्या दशकात ते तिथल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख होते. जागतिक मंदीत गहू आणि मांस यांचे भाव कोसळले, बाहेरून येणाऱ्या यंत्रांचे मात्र तेवढे उतरले नाहीत. पाठ्यपुस्तकात शिकवलेलं होतं की ज्याला जे चांगलं पिकतं ते त्याने विकावं, उरलेलं विकत घ्यावं, दोघांचंही भलं होईल. प्रेबिशना समोर दिसत होतं ते वेगळंच. १९४९ साली संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिकाविषयक आयोगासाठी त्यांनी हे लिहून काढलं. हान्स सिंगर हे अर्थतज्ज्ञही त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोचले.

एक ट्रॅक्टर आणायला कॉफीची किती पोती द्यावी लागतात, या गुणोत्तराला व्यापारशर्ती म्हणतात. प्रेबिश आणि सिंगर यांचा दावा असा की कच्चा माल विकणाऱ्यांसाठी हे गुणोत्तर काळागणिक बिघडत जातं: तोच ट्रॅक्टर, पण पोती जास्त.

यामागे दोन कारणं. पहिलं, उत्पन्न दुप्पट झालं म्हणून कुणी दुप्पट कॉफी पीत नाही, पण यंत्रं, मोटारी, फोन यांवर दुपटीहून जास्त खर्च करतो. जग श्रीमंत होतं तशी कच्च्या मालाची मागणी मागे पडते. दुसरं कारण अधिक बोचरं. कारखान्यात नवं तंत्र आलं की त्याचा फायदा कामगार संघटना पगारवाढीत आणि कंपनी नफ्यात घेते. मळ्यात उत्पादन वाढलं की लाखो शेतकरी एकमेकांशी स्पर्धा करत भाव पाडतात आणि फायदा जातो परदेशातल्या खरेदीदाराकडे. एकाच शोधाचं फळ एकीकडे पगारात दिसतं, दुसरीकडे स्वस्ताईत.

कोको घ्या. जगातला सुमारे ६० टक्के कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. चॉकलेटचे मोठे ब्रँड, कोकोचे सौदे आणि नफा मात्र युरोप-अमेरिकेत. २०२४ साली भाव टनाला १० हजार डॉलरच्या पुढे गेला तेव्हा शेतकऱ्यांची चांदी झाली असेल असं वाटेल. पण भाव चढला तोच पीक बुडाल्यामुळे, लहरी हवामान आणि रोगामुळे. शिवाय दोन्ही देशांत शेतकऱ्याला मिळणारा भाव सरकार हंगामाआधी ठरवतं आणि बराच माल आधीच्या दराने विकूनही झालेला होता.

व्यापारशर्तींच्या या सिद्धांतावर सत्तर वर्षं वाद चालू आहे. दीर्घकाळात भाव घसरतात का, याची आकडेवारी सांगते की घसरण असलीच तर संथ आहे, आणि कोणत्या वर्षापासून मोजता यावर बरंच अवलंबून आहे. तेल तर याला सरळ अपवाद: १९७३-७४मध्ये तेल उत्पादक देश एकत्र आले आणि भाव चौपट झाला. पण एका मुद्द्यावर फारसं दुमत नाही, तो म्हणजे भावांची उलथापालथ. झांबियाच्या निर्यातीत तांब्याचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास असतो. तांब्याचा भाव लंडनच्या बाजारात ठरतो. तो पडला की झांबियाच्या शाळांच्या अंदाजपत्रकाला कात्री लागते.

प्रेबिश यांच्यानंतरच्यांनी सूर चढवला. आंद्रे गुंडर फ्रँक यांनी १९६६ साली म्हटलं की मागासलेपण ही विकासाआधीची अवस्था नव्हेच, तेही विकासाबरोबरच घडवलं गेलेलं आहे. इमॅन्युएल वॉलरस्टीन यांनी १९७४ साली जगाचे तीन थर मांडले: केंद्र, परिघ आणि मधला अर्धपरिघ. एखादा देश वरच्या थरात जाऊ शकतो, पण थर मोडत नाहीत.

## मतं कोणाची किती

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी म्हणजे अडचणीतल्या देशाला डॉलर उसने देणारी संस्था. १९४४ साली अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्समध्ये तिचा पाया घातला गेला. समजा एखाद्या गृहनिर्माण सोसायटीत मतं घरटी एक नसून ज्याचं घर मोठं त्याला जास्त आहेत, आणि घर कधी मोठं झालं याची नोंद बदलायलाही त्याच मोठ्या घरवाल्याची संमती लागते. नाणेनिधी साधारण असा चालतो. मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत, म्हणजे तिच्याशिवाय पान हलत नाही. प्रमुख आजवर नेहमी युरोपीय, आणि जागतिक बँकेचा अध्यक्ष अमेरिकेने पसंत केलेला. सहाराखालच्या आफ्रिकेतल्या चाळीसहून अधिक देशांना संचालक मंडळात मिळून दोनच जागा होत्या, तिसरी मिळाली नोव्हेंबर २०२४मध्ये.

याचा परिणाम कसा होतो? २०२१ साली साथीतून सावरायला नाणेनिधीने ६५० अब्ज डॉलर मोलाचा राखीव निधी सर्व सदस्यांत वाटला. वाटप नाणेनिधीतल्या हिश्श्याप्रमाणे. संपूर्ण आफ्रिकेला मिळाले सुमारे ३३ अब्ज. ज्यांना गरज नव्हती त्यांना सर्वाधिक मिळाले.

कर्जाचंही तसंच. जपान सरकारचं कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त आहे आणि कुणी घाबरत नाही, कारण ते येनमध्ये आहे आणि येन जपानच छापतो. घानाचं कर्ज त्याच्या निम्म्यानेही नव्हतं, तरी डिसेंबर २०२२मध्ये त्याला हप्ते थांबवावे लागले, कारण मोठा भाग डॉलरमध्ये होता. आणि डॉलरचं व्याज कधी वाढवायचं हे वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेची महागाई पाहून ठरतं. १९८०च्या सुमारास तिथले दर २० टक्क्यांच्या आसपास नेले गेले. ऑगस्ट १९८२मध्ये मेक्सिकोने हात वर केले आणि पाठोपाठ लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक देशांनी. नवं कर्ज हवं तर अनुदानं कापा, सरकारी उद्योग विका, बाजार खुला करा, अशा अटी आल्या. त्यांतल्या काही सुधारणा हव्याच होत्या, हे मी नाकारत नाही. पण मागणारा आणि देणारा यांच्यात चर्चा अशी झालीच नाही.

आज जगातले ३३० कोटींहून अधिक लोक अशा देशांत राहतात, जिथे सरकार आरोग्य किंवा शिक्षण यांपेक्षा व्याजावर जास्त खर्च करतं. हा आकडा संयुक्त राष्ट्रांचा आहे.

## मग दक्षिण कोरिया कसा वर आला?

अवलंबित्ववाद्यांना हा प्रश्न सर्वांत जड जातो, आणि जायलाच हवा. १९६० साली दक्षिण कोरिया घानासारख्याच गरीब देशांत मोडत होता. १९९६ साली तो श्रीमंत देशांच्या संघटनेत दाखल झाला. जागतिक बाजारापासून तुटून राहिला असता तर हे झालं नसतं. उलट लॅटिन अमेरिकेने प्रेबिश यांचा सल्ला ताणून उंच शुल्काच्या भिंतीआड कारखाने काढले, तेव्हा त्यातून बरेच लाडावलेले कारखानदार निपजले. यंत्रं आणायला डॉलर लागायचे ते लागतच राहिले.

पण कोरियाने 'बाजार खुला करा' हा मंत्रही पाळला नाही. आधी जमीन सुधारणा केली, कुळांना जमिनी मिळाल्या. मग निवडक उद्योगांना संरक्षण आणि स्वस्त कर्ज दिलं, पण अट घातली की निर्यात करून दाखवा, नाहीतर सवलत बंद. पोलादाचा एकात्मिक कारखाना काढायचा तर जागतिक बँकेने तो तोट्यात जाईल म्हणून नकार दिला. कोरियाने जपानकडून १९६५च्या करारातून मिळालेला पैसा त्यात घातला आणि पोहांगचा कारखाना १९७३ साली सुरू झाला. पुढे तो जगातल्या मोठ्या पोलाद कंपन्यांपैकी एक झाला.

आणि हो, यात वास्तववाद्यांचाही वाटा आहे. शीतयुद्धात कोरिया आणि तैवान हे साम्यवादी शेजाऱ्यांसमोर अमेरिकेच्या आघाडीच्या फळीतले देश होते, म्हणून तिने आपला बाजार त्यांना उघडा ठेवला आणि त्यांच्या शुल्कांकडे काणाडोळा केला. घानाला असा शेजार लाभला नव्हता.

एकोणिसाव्या शतकात अमेरिका स्वतः उंच शुल्कांच्या आडच वाढली. ब्रिटनही आधी तसाच वाढला आणि मग इतरांना मुक्त व्यापार शिकवू लागला, ही तक्रार फ्रीडरिश लिस्ट या जर्मन अर्थतज्ज्ञाने १८४१ सालीच केली होती.

## त्यांचे राज्यकर्तेच भ्रष्ट, त्याला जग काय करणार?

यात तथ्य आहे. झाईरचे (आजचं काँगो) मोबुटू यांनी १९६५ ते १९९७ देश धुऊन खाल्ला. पण ही चोरी एकट्याने झाली का? साम्यवादविरोधी म्हणून अमेरिका आणि युरोपने त्यांना तीन दशकं पाठीशी घातलं, त्यांना कर्जं मिळत राहिली आणि पैसा स्वित्झर्लंडच्या बँका आणि युरोपातल्या हवेल्यांत मुरला. मोबुटू गेले, कर्ज काँगोच्या जनतेच्या नावावर राहिलं.

मदतीचंही इथेच आटपू. श्रीमंत देशांनी आपल्या उत्पन्नाचे ०.७ टक्के द्यावेत असं १९७० साली संयुक्त राष्ट्रांत ठरलं. हे उद्दिष्ट मोजकेच देश गाठतात. परदेशात राबणारे मजूर आणि परिचारिका घरी पाठवतात तो पैसा या सगळ्या सरकारी मदतीहून कितीतरी जास्त भरतो. अमेरिकेची मदतसंस्था तर १ जुलै २०२५पासून बंदच झाली.

## पण दरी कमी होते आहे ना?

देशादेशांमधली, होय. १८२०पासून जवळपास पावणेदोनशे वर्षं वाढत गेलेली ही विषमता गेल्या काही दशकांत खाली येते आहे आणि त्याचं मुख्य श्रेय चीनला. चाळीस वर्षांत तिथले ८० कोटींच्या आसपास लोक टोकाच्या गरिबीतून बाहेर आले. भारताचाही हातभार आहे. उदारमतवाद्यांचा हा भक्कम पुरावा, कारण हे घडलं ते जागतिक व्यापारातच. मात्र याच काळात अनेक देशांच्या आतली विषमता वाढली. आणि चीन आता सरासरीच्या वर गेल्यामुळे त्याची पुढची वाढ जागतिक विषमता कमी करणार नाही. पुढचं सगळं आफ्रिकेवर अवलंबून आहे.

वर चढलेला देश कसा वागतो हेही दिसू लागलंय. झांबियाने नोव्हेंबर २०२०मध्ये कर्जाचे हप्ते थांबवले, तेव्हा तिचा सर्वांत मोठा सरकारी सावकार चीन होता. पाश्चात्त्य रोखेधारक (सरकारी रोखे घेऊन कर्ज देणारे खासगी गुंतवणूकदार) म्हणाले आधी चीनने सोडावं, चीन म्हणाला आधी तुम्ही. सरकारी सावकारांशी समझोता व्हायला जून २०२३ उजाडलं, रोखेधारकांशी व्हायला २०२४.

## दुबळ्यांच्या हाती काय असतं?

एकजूट हा जुना मार्ग. १९६४ साली ७७ विकसनशील देशांचा गट बनला, १९७४ साली त्यांनी संयुक्त राष्ट्रांत नव्या आर्थिक व्यवस्थेचा ठराव मंजूर करून घेतला, आणि तो कागदावरच राहिला.

व्हानुआतू या प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या बेटांच्या देशाने दुसरा मार्ग धरला. समुद्र चढल्याने बुडणाऱ्या बेटांसाठी प्रदूषण करणाऱ्यांनी पैसे द्यावेत, अशी मागणी छोट्या बेटांच्या वतीने त्याने १९९१मध्येच केली होती. २०२२च्या हवामान परिषदेत नुकसानभरपाईसाठी निधी मान्य झाला. पुढे व्हानुआतूने हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत नेला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने मत दिलं की हवामान राखणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते मोडल्यास भरपाईची वेळ येऊ शकते. मत सल्लावजा आहे, बंधनकारक नाही. पण वकिलांच्या हाती काहीतरी आलं.

इंडोनेशियाने थेट नकार दिला. विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्यांना निकेल लागतं आणि त्याचे प्रचंड साठे इंडोनेशियात आहेत. जानेवारी २०२०पासून त्याने कच्चं निकेल बाहेर न्यायला बंदी घातली: हवं तर इथे येऊन कारखाना काढा. युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि नोव्हेंबर २०२२मध्ये खटला जिंकला. इंडोनेशियाने अपील केलं. पण अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९पासून बंद पडलेलं आहे, कारण अमेरिका तिथे नेमणुकाच होऊ देत नाही. अपील लोंबकळलेलं आणि बंदी चालू. बलाढ्याने स्वतःच्या सोयीसाठी मोडलेल्या यंत्रणेचा फायदा यावेळी दुसऱ्याला झाला.

बंदीनंतर इंडोनेशियात निकेल शुद्ध करणारे कारखाने झपाट्याने उभे राहिले आणि प्रक्रिया केलेल्या मालाची निर्यात कित्येक पटींनी वाढली. त्यांतल्या बहुतेक कारखान्यांत भांडवल चिनी कंपन्यांचं आहे, वीज कोळशाची आहे, आणि नफ्यातला किती भाग देशात राहतो यावर जकार्तात जोरदार भांडण चालू आहे. तिथल्या सरकारचं म्हणणं असं की निदान भांडायला आता काहीतरी देशात उरतं. विरोधक कारखान्यांमधले अपघात आणि गढूळ झालेला किनारा दाखवतात.